लिफ्ट नसलेलं जहाज

चिंचवड स्टेशनजवळच्या ऑफिसात टूरवाल्या अजिंक्यने टेबलावर दोन जहाजांची चित्रं मांडली, तेव्हाच गोरक्षच्या मनाने कौल दिला होता. तोंडाने तो सांगायला मात्र त्याला अर्धा तास लागला.

दोन्ही जहाजं नॉर्वेची. एप्रिलअखेर निघायचं, दहा दिवस समुद्रात. डोंगराच्या पोटात शिरलेल्या अरुंद खाड्या, दोन्ही बाजूंना बर्फाचे कडे, मधून जहाज जाणार. पहिलं जहाज बारा मजल्यांचं. त्यात लिफ्ट, रुंद दारांच्या खोल्या, न्हाणीघरात धरायला दांड्या, सगळं होतं. व्हीलचेअर थेट डेकपर्यंत जाते, असं अजिंक्य म्हणाला. दुसरं जहाज लहान, सव्वाशे माणसांचं. जिने अरुंद आणि लिफ्ट नाही.

"पण काका, मोठं जहाज खाडीच्या तोंडाशीच थांबतं," अजिंक्य म्हणाला. "हे लहानगं आतपर्यंत जातं, पार कड्याच्या खाली. सकाळी खिडकी उघडली की समोर बर्फच."

गोरक्षने दोन्ही चित्रं आलटून पालटून पाहिली. शेजारी बसलेल्या सुप्रियाने, त्याच्या बायकोने, हळूच विचारलं, "आणि बन्सीभाऊंचं काय?"

"त्याला एवढा लांबचा प्रवास झेपणार आहे का?" गोरक्ष म्हणाला आणि लहान जहाजावर बोट ठेवलं. "हेच करा."

जिना उतरताना सुप्रिया नेहमीसारखी त्याच्या दंडाला धरून उतरली नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

बन्सी आणि गोरक्ष चाकणच्या एकाच कंपनीत सत्तावीस वर्षं होते. बन्सी निघोज्याचा, तिथल्याच मातीतला. गोरक्ष नगरकडून पोट भरायला आलेला. तो मशीन शॉपला गिअर तपासायचा आणि बन्सी डिस्पॅचला ते खोक्यांत भरून परदेशी धाडायचा. कँटीनच्या भिंतीवर कुण्या सप्लायरचं कॅलेंडर होतं, त्याच्या डिसेंबरच्या पानावर बर्फातून चाललेलं जहाज होतं. साल संपलं तरी ते पान कुणी काढलं नाही. "माझी खोकी जात्यात तिकडं, मी अजून न्हाई गेलो," असं बन्सी जेवताना म्हणायचा. रिटायर झाल्यावर बायकांना घेऊन चौघांनी जायचं, हे तिथंच ठरलं. चौघांनी एकाच दिवशी पासपोर्टही काढले होते.

मग रिटायरमेंटला आठ महिने उरले असताना बन्सीचं डावं अंग गेलं. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावा हात लुळा पडला. घरात तो काठीच्या आधाराने चार पावलं टाकायचा, बाहेर मात्र खुर्चीवाचून हलता यायचं नाही.

पैशाचा प्रश्न दोघांनाही नव्हता. प्रश्न वेगळाच होता, आणि तो गोरक्षने कधी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. गेल्या वर्षी चौघं दोन दिवस महाबळेश्वरला गेले होते. त्या दोन दिवसांत बन्सीला उचलून गाडीत बसवणं, संडासला नेणं, खुर्ची चढावर ढकलणं, सगळं गोरक्षनेच केलं. एकही पॉइंट त्याने धड पाहिला नाही. परतीच्या वाटेवर त्याच्या मनात आलं होतं, पुन्हा नको. ते त्याने लगेच झटकलं खरं, पण टूरवाल्याच्या ऑफिसात ते नेमकं वर आलं.

पुढच्या रविवारी तो एकटाच निघोज्याला गेला. बन्सी ओट्यावर खुर्चीत बसून होता. त्याची बायको सारजाबाई आत भाकऱ्या थापत होती.

"बन्सी, जहाजाचं बघितलं," गोरक्ष म्हणाला. "पण त्याला लिफ्टच नाही रे. सगळे जिने."

शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतक्या सहज बोलता आला.

बन्सीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "मग ऱ्हाऊ दे की. तुमी दोघं जाऊन या. माझ्यापायी तू कशाला थांबतो?"

एवढ्यावरच विषय संपला. गोरक्षने मनाशी तयारी केली होती की तो हळहळेल, दुसरं जहाज बघ म्हणेल, निदान रुसेल तरी. बन्सीने यातलं काही केलं नाही. आतून सारजाबाईंनी गरम भाकरी आणि वांग्याची भाजी आणून ठेवली. गोरक्षने पाणी पिऊन पिऊन ती भाकरी कशीबशी संपवली.

दुसऱ्या दिवसापासून बन्सीचे व्हॉइस मेसेज सुरू झाले. "गोरख, सुती बनियन आत घालू नको. घाम धरतंय आन् मग गारठा लागतोय. ते थर्मल मिळतंय, ते घे." दोन दिवसांनी पुन्हा: "बुटं एक नंबर मोठी घे, आत दोन मोजं जायला पायजेत." मग: "समुद्रावर दमटपणा लई. आमी खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायचो, तशा बॅगेत टाक. आन् प्रत्येक कपडा येगळ्या पिशवीत."

गोरक्ष ते मेसेज आकुर्डीच्या बागेत चालताना ऐकायचा आणि "बरं" एवढंच उत्तर पाठवायचा. बन्सीने शिव्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. माणूस रागावला की आपल्यालाही रागवायची सोय होते, पण इथं ती सोय नव्हती. एकदा सुप्रियाने विचारलं, "त्यांना सांगितलंत का, दुसरं जहाज होतं म्हणून?" त्यावर तो उगाचच तिच्यावर खेकसला. मग दिवसभर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत राहिले.

मार्चच्या सुरुवातीला बन्सीने फर्मान काढलं, ट्रायल पॅकिंग करायचं. नव्या देशाला पहिला माल धाडण्याआधी डिस्पॅचला तसा रिवाज होता. माल आधी भरून बघायचा, मग उघडायचा, चुका काढायच्या. व्हिसाचे कागद अजून द्यायचे होते, निघायला जवळजवळ दोन महिने होते. पण बन्सी ऐकेना. शनिवारी दुपारी त्याचा मुलगा पिंटू आईवडिलांना गाडीतून आकुर्डीला गोरक्षच्या घरी सोडून गेला.

हॉलमध्ये पंखा पूर्ण वेगात फिरत होता, तरी सगळे घामाघूम. दिवाणावर स्वेटर, कानटोप्या, हातमोजे, थर्मल यांचा ढीग पडला होता. बन्सी खुर्चीतून उजव्या हाताने दाखवत होता आणि सुप्रिया भरत होती.

"जड खाली, चाकांच्या अंगाला. बुटाच्या आत मोजं कोंबा, जागा फुकट घालवू नका. आन् कानटोपी, हातमोजं वरच्या कप्प्यात. इमानातनं उतरल्या उतरल्या लागत्यात ती." मग तो म्हणाला, "सारजे, ती पिशवी दे."

सारजाबाईंनी कापडी पिशवीतून दोन जाड जॅकेटं काढली, एक निळं, एक तपकिरी. लेबलंसुद्धा तशीच होती.

"आमी तवाच घेतली होती, आजारपणाच्या आधी," बन्सी म्हणाला. "पडूनच हायत. निळं तुला यील. घालून बघ."

गोरक्षने जॅकेट अंगावर चढवलं. बाह्या बरोबर बसल्या. बन्सी म्हणाला, "चेन लाव, गळ्यापतुर लाव," आणि पुढे वाकून एका हाताने स्वतःच ती वर ओढायला लागला. ती मध्येच अडकली. तो पुन्हा पुन्हा ओढत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या वाकलेल्या, केस विरळ झालेल्या डोक्याकडे बघत गोरक्षने त्याचा हात धरून थांबवला.

"बन्सी, दुसरं जहाज होतं," तो म्हणाला. "लिफ्टवालं. खुर्ची आत जाणारं. मी मुद्दाम घेतलं नाही."

सुप्रियाच्या हातातले मोजे हातातच राहिले.

"महाबळेश्वरला मला जड गेलं होतं," गोरक्ष पुढे म्हणाला. आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "वाटलं, एकदा तरी मोकळ्या हातांनी बघावं. तुला खरं सांगायची हिंमत झाली नाही."

बन्सी खुर्चीत मागे टेकला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "तू येऊन गेला त्याच सांजच्याला पिंट्यानं मोबाईलवर त्या टूरवाल्याची दोन्ही जहाजं दावली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतोय ते बघत होतो. दोन आठवडं बघितलं." त्याचा आवाज चढला नव्हता. "गोरख, मी न्हाईच म्हणणार होतो. संडासला नेतोस तवा तुझं तोंड कसं व्हतं, ते मला दिसत न्हाई व्हय? पण ते न्हाई माझ्या तोंडानं म्हणायचं होतं मला. माझ्याजवळ आता लई काही ऱ्हायलं न्हाई. तेवढं तरी मला म्हणू द्यायचं होतं."

गोरक्षने मान खाली घातली. अंगावर ते जाड जॅकेट तसंच होतं, आत घामाच्या धारा लागल्या होत्या, पण काढायचं त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून सारजाबाई बोलल्या. इतका वेळ त्या तपकिरी जॅकेटाची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुमी दोघं गडी एकमेकांचं बोलताय. भावजी, तुमी यांना इचारलं न्हाई म्हणून तुमाला वाईट वाटतंय. यांना म्हणू दिलं न्हाई म्हणून यांना वाईट वाटतंय. मला कुणी इचारलं?"

त्यांनी मांडीवरची घडी सारखी केली.

"मला जायचं होतं," त्या म्हणाल्या. "ते महाबळेश्वरचं दोन दिस सोडलं तर दोन वर्सं झाली, आळंदीच्या पल्याड गेले न्हाई मी. यांचं करते त्याबद्दल माझं म्हणणं न्हाई. पण मलाबी वाटतंय, एकदा बघावं." आणि एवढं बोलल्याचीच लाज वाटल्यासारखा त्यांनी पदर तोंडाला लावला.

बन्सीचा चेहरा उतरला. इतका वेळ त्याच्या बाजूने उभा असलेला न्याय एका वाक्यात दुसरीकडे निघून गेला होता. "मला कधी बोलली न्हाईस," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"बोलून काय झालं असतं?"

यावर बोलली ती सुप्रिया. "वहिनी, तुम्ही चला माझ्याबरोबर. पासपोर्ट आहेच तुमचा. तिकिटं अजून निघालेली नाहीत, अजिंक्यला सांगून नाव बदलू." मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "हे थांबतील बन्सीभाऊंकडे."

गोरक्षने "हो" म्हटलं. म्हणताना त्याला वाटत होतं की कुणीतरी आडवं येईल. बन्सी म्हणेल, नको रे, पिंट्या हाय की. सारजाबाई म्हणतील, छे, असं कुठं असतंय का. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. पिंटूची शिफ्ट फिरती, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीच आडवं आलं नाही. सारजाबाईंनी दोन-तीनदा नको नको म्हटलं, पण मांडीवरच्या जॅकेटावरचा त्यांचा हात सुटला नव्हता. तेव्हा गोरक्षला कळलं की हे आता खरंच होणार.

त्याने जॅकेट काढलं. सुप्रियाने बॅगेतून त्याचे थर्मल, त्याचे मोठ्या नंबरचे बूट बाहेर काढायला सुरुवात केली.

एप्रिलअखेर दोघी गेल्या. विमानतळावर सारजाबाई काचेच्या दारातून तीनदा मागे वळल्या. शेवटी परत येऊन गोरक्षला म्हणाल्या, "रातच्या गोळ्या दुधाबरुबर न्हाई, पाण्याबरुबर." त्यांचे डोळे भरले होते. चोरून कुठं निघाल्यासारखं वाटतंय, असं त्या सुप्रियाला म्हणाल्या. ते गोरक्षने ऐकलं आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

निघोज्यातले पहिले तीन दिवस त्याला जड गेले. बन्सीची आंघोळ, दाढी, चार-चारदा उठवणं. बन्सी कामापुरतंच बोलायचा. पाणी जास्त तापलंय. उशी खाली घे. एकदा संडासातून आणताना गोरक्षचा हात निसटला आणि बन्सीचा खुबा भिंतीला आपटला. तो कळवळला. गोरक्षने त्याला खाटेवर निजवलं आणि अंगणात जाऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. रेंज धड नव्हती, चित्र थांबत थांबत दिसत होतं. काळं पाणी, त्यात सरळ उतरलेला पांढरा कडा, आणि टोपीत अर्धं झाकलेलं सारजाबाईंचं तोंड. त्या काही सांगत होत्या, वाऱ्यात शब्द ऐकू येत नव्हते. मग एकदम स्पष्ट ऐकू आलं, "जेवलं का?"

"जेवलो," बन्सी म्हणाला. सकाळचे दहाच वाजले होते. "तू बघ तिकडं. हितलं नको इचारू."

कॉल तुटल्यावर तो काळ्या पडलेल्या मोबाईलकडे बघत राहिला. गोरक्ष पोह्यांची बशी घेऊन खाटेजवळ बसला. सुप्रियाच्या शेजारी त्या डेकवर आपण उभे राहिलो असतो, ही कळ त्याला आत्ताही जाणवत होती, आणि ती जाणवते याची लाजही वाटत होती. आपण इथं थांबलो ते बन्सीसाठी की स्वतःला बरं वाटावं म्हणून, याचा हिशेब त्याला लागत नव्हता.

"बन्सी," तो म्हणाला, "गेलं का मनातनं?"

बन्सीने थोडा विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

"न्हाई अजून," तो म्हणाला. "जाईल का, ते बी ठावं न्हाई."

"बरं."

"पोह्यात मीठ कमी हाय."

गोरक्ष उठला आणि मीठ शोधायला आत गेला. सारजाबाईंच्या फळीवर कुठल्या डब्यात काय आहे, हे त्याला अजून उमगलं नव्हतं. तो एकेक झाकण उघडून बघत राहिला.