शंखातला कैलास

सावेडीच्या मैदानावर फायनल सुरू व्हायला थोडा अवकाश होता, पण गर्दी सगळी बिभीषणबाबाभोवती. बाबाने आदिनाथच्या सुजलेल्या गुडघ्याला भलामोठा शंख लावला. फुस्स! पांढरा गार धूर निघाला आणि बायाबापड्यांचे हात जोडले गेले.

"कैलासावरचा वारा हाय ह्यो! फाटलेलं सांधतंय! डाक्टर काय करतो? नुसते फोटू काढतो!"

आदिनाथने उठून दोन उड्या मारल्या. अहो, दुखतच नव्हतं! शेवगावचा हा गडी क्लबचा पगारी फुटबॉलपटू. लिगामेंट अर्धं फाटलंय, गोळ्या खाऊनसुद्धा खेळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि त्यानेही ते मानलं होतं. पण दुखणंच थांबल्यावर डॉक्टरला विचारतो कोण? गेल्या दोन मॅच तो असाच खेळला होता.

काकासाहेब सरांनी प्रसादाचा पेढा पुढे केला. आईवेगळ्या आदिनाथला घरचा डबा आणून मोठं करणारे हे कोच; बाबाकडेही त्यांनीच आणलं होतं.

"सर, पेढा कडू का लागतो?"

"पीडा बाहेर पडतीय, बाळा," बाबाच मधे बोलला.

"दादा, निम्मा मला दे." फिजिओथेरपी शिकणारी त्याची बहीण दिशा आज पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती.

"खबरदार! बाईमाणसाला चालत न्हाई!"

दिशाने पेढा हिसकावून बोटांनी फोडला. आत गोळीचा पांढरा चुरा. "ही दुखणं मारायची गोळी!" म्हणत तिने शंखही ओढून उलटा केला. टण्णकन स्प्रेचा छोटा डबा खाली पडला. तिने तो जवळच उभ्या रतनबाईच्या मनगटावर फवारून चिमटा काढला.

"अगं बया, बर्फच की! काईच कळंना!"

"मग मावशी, तुम्ही कैलासावर जाऊन आलात का? हा मेडिकलमध्ये मिळतो. कातडी बधिर करतो, जखम भरत नाही."

लोक हसले. बाबा चपला तिथेच टाकून पसार. दिशाने मात्र भावाची नडगी हलकेच पुढे ओढली, ती भलतीच सरकली, आणि तिचा चेहरा उतरला. "दादा, अर्धं होतं ते आता पुरतं गेलंय बहुतेक."

आदिनाथने सरांकडे पाहिलं.

"फायनल जिंकायची होती रे," सर पुटपुटले. "गोळी म्हटलं असतं तर तू घेतली नसतीस."

"बाबावर माझा इश्वास नव्हताच, सर. तुमी म्हनला म्हणून गुडघा पुढं केला. तुमच्या हातचा म्हणून पेढा खाल्ला." तो खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

बाबांनो, दुखणं म्हणजे शरीराने मारलेली हाक. तिचं तोंड दाबलं म्हणून जखम बरी होत नाही. चमत्कार दिसला की शंख उलटा करून बघा. आणि तो आपल्याच माणसाने पुढे केला असेल, तर जरूर बघा.