मिराबाईची नाळीची भाजी

वसमतच्या अलीकडं एका गावाखाली तळं आहे. त्या तळ्याच्या काठाला मिराबाई एकटीच राहायची. नवरा कधीच गेला होता. मुलगी सेनगावकडं दिलेली, तिचा फोन सणावारीच यायचा. तळ्याच्या उथळ पाण्यात नाळीची भाजी माजलेली असायची. मिराबाई सकाळीच गुडघाभर पाण्यात उतरून ते पोकळ वेल खुडायची आणि बाजाराच्या दिवशी वसमतला जुड्या घेऊन बसायची. बाया भाजी घेताना दोन शब्द बोलायच्या. आठवड्याचं तिचं बोलणं तेवढंच.

तळ्यावर येणारं दुसरं माणूस म्हणजे अजरा. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि पाणवनस्पतींचा अभ्यास करायची. ती आली की मिराबाई तिला भाकरी आणि नाळीची भाजी वाढायची.

त्या हिवाळ्यात ओढा तळ्याला मिळतो तिथली पानं पिवळी पडायला लागली. अजरानं एक वेल मुळासकट उपटला. मुळं आखूड, काळी, टोकाला जळाल्यासारखी होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी घातली होती. तिथलं पाणी ओढ्यात उतरायचं.

"इकडची तं हिरवीगार हाय," मिराबाई म्हणाली. "ही बराबर असंल ना?"

"बघून सांगता येत न्हाई, मावशी. तपासून आणते."

अजरानं दोन्हीकडचे वेल तपासायला पाठवले. निकाल आला त्या दिवशी ती जेवायला बसली नाही.

"शिसं हाय, मावशी. मुळात लई साठलंय. पण देठात अन् पानातबी चढलंय. हिरव्या वेलातसुद्धा."

"चांगलं धुऊन घेतलं तर?"

"वरून लागलेलं न्हाई ते. झाडानं पाण्याबरोबर ओढून घेतलंय. धुऊन जात न्हाई, शिजवूनबी न्हाई."

"खाणाऱ्याला काय व्हतं?"

"थोडं थोडं अंगात साठत जातं. लहान लेकरांना, पोटातल्या लेकराला जास्त तकलीफ."

मिराबाईला बाजारातली तारा आठवली. पहिलटकरीण होती. डोहाळे नाळीच्या भाजीचे, म्हणून दर बाजाराला दोन जुड्या न्यायची.

पुढच्या बाजाराला मिराबाई रिकाम्या हातानं गेली आणि आपल्या जागेवर बसली. येईल त्या बाईला सांगत राहिली, "माझी भाजी घरात असंल तं टाकून द्या. तिच्यात शिसं हाय." काही हसल्या, काही चिडल्या. तारा आली तेव्हा मिराबाई उठून उभी राहिली. तिला सगळं सांगितलं, अजराचा नंबर दिला, रक्त तपासून घे म्हणाली.

ताराचा हात पोटावर गेला. "मावशी, तुमी खात होत्या का?"

"रोज."

तारा निघून गेली.

मग दोघींनी मिळून तळ्यातले वेल उपटले. ढोरांनी तोंड घालू नये, कुणी जाळू नये म्हणून अजरानं ते पोत्यात बांधून सरकारी माणसांच्या ताब्यात दिले. तक्रारीनंतर भट्टी बंद झाली. तळ्याच्या गाळातलं शिसं मात्र तिथंच राहिलं. तळ्याचं नाव खराब केलं म्हणून गावातली माणसं मिराबाईच्या दारावरून जाताना तिच्याशी बोलेनाशी झाली. मिराबाईच्या रक्तातही शिसं निघालं. दवाखान्यात अजरा सोबत आली, पण उन्हाळ्यात तिची बदली झाली आणि तळ्यावर कुणीच येईना.

मिराबाईनं घरामागं, विहिरीच्या पाण्यावर मेथी लावली. पाणी आणि माती आधी तपासून घेतली होती. बाजारात ती पुन्हा त्याच जागेवर बसली. जुन्या बाया लांबूनच बघायच्या आणि पुढच्या भाजीवाल्याच्या पालाकडं वळायच्या. ती कुणाला हाक मारत नसे.

एका बाजाराला तारा समोर येऊन थांबली. कडेवर लेकरू होतं.

"कसं हाय?" मिराबाईनं विचारलं.

"बरं हाय. डॉक्टर म्हणले, बघत राहावं लागंल."

ताराची नजर मेथीवर गेली. "पाणी कुठलं?"

"हिरीचं. तपासलेलं."

लेकराच्या तोंडावरचा पदर बाजूला करून तारानं त्याचं तोंड मिराबाईला दाखवलं. मिराबाईनं हात पुढं केला नाही, नुसतं पाहिलं.

"येते, मावशी," म्हणून तारा गेली. मेथी तिनं घेतली नाही.

मिराबाई बाजार उठेपर्यंत बसून होती. मग उरलेल्या जुड्या टोपलीत भरून ती एकटीच स्टँडकडं चालू लागली.