न्हाव्याच्या आरशातला एक तुकडा

मी एक जुना आरसा आहे. खरे सांगायचे तर अख्खा आरसाही नाही, आरशाचा एक तुकडा. तळहाताएवढा, तीन कडा सरळ आणि चौथी तिरकी. पाठीवरचा पारा जागोजागी उडाला आहे आणि मधोमध दोन काळे डाग पडले आहेत. पण मित्रांनो, मला कमी लेखू नका. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांत जिथे भर दुपारीही अंधार असतो, तिथे मी बाहेरचे ऊन आत नेले आहे.

पूर्वी मी चांगला मोठा, चौकटीतला आरसा होतो. सिएम रीप गावात रस्त्याकडेच्या चिंचेखाली चिया न्हाव्याची खुर्ची होती आणि तिच्यासमोरच्या भिंतीवर मी टांगलेला असे. दिवसाकाठी वीस-पंचवीस तोंडे पाहायला मिळत. फेस फासलेली, पेंगणारी, लग्नाला निघालेली. सगळे माझ्यात बघत, पण मला कुणी बघत नसे. याचा मला तेव्हा फार राग यायचा.

एके दिवशी वावटळ आली आणि मी धाडकन खाली पडलो. चियाने कपाळावर हात मारला आणि माझे तुकडे टोपलीत गोळा केले. त्या वेळी खुर्चीत बुनथान बसला होता, अर्धी दाढी झालेला. तो पाहुण्यांना देवळे दाखवणारा वाटाड्या. टोपलीतल्या एका तुकड्यावर, म्हणजे माझ्यावर, ऊन पडले होते आणि माझा कवडसा समोरच्या भिंतीवर तिरका गेला होता. एरवी सपाट दिसणाऱ्या त्या भिंतीचे सगळे फुगवटे, सगळ्या भेगा उठून दिसत होत्या. बुनथान बघतच राहिला.

"चिया, हा तुकडा मला दे."

"फुटका आरसा घरी नेतोस? बायको तुलाच फोडेल."

"घरी नाही, देवळात नेतोय."

"मग तर देवसुद्धा पळून जातील. ने बाबा, ने. पण आधी दाढी तरी पुरी करून घे, अर्ध्या तोंडाने जाशील!"

बुनथानने माझ्या कडा दगडावर घासून बोथट केल्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी भोवती चिकटवली. त्या दिवसापासून माझा दुसरा जन्म सुरू झाला. फुटलो नसतो, तर आजन्म दाढ्याच बघत बसलो असतो. म्हणून त्या वावटळीचेही मी आभार मानतो.

आमची कामाची रीत साधी होती. बुनथान दारातल्या उन्हात उभा राहायचा आणि माझ्यावरून कवडसा आतल्या भिंतीवर सोडायचा. समोरून नाही, नेहमी बाजूने. समोरून उजेड टाकला की कोरीवकाम पुसल्यासारखे दिसते. बाजूने टाकला की अप्सरेच्या गळ्यातला एकेक मणी वर येतो, समुद्रातले मासे वळवळू लागतात, लढाईला निघालेल्या सैनिकाच्या पाठीवरची भाताची पिशवीसुद्धा दिसते. पाहुण्यांच्या तोंडून "अहाहा" निघायचे. ते दाद द्यायचे बुनथानला, पण मी ती निम्मी माझी समजायचो.

दगडाच्या बाबतीत बुनथान फार कडक होता. कुणी अप्सरेला हात लावला की म्हणायचा, "साहेब, तिचं लग्न ठरलंय, हात आवरा." आणि कुणी दगडावर नाव कोरताना सापडला, तर त्याची खैर नसे.

मग मोबाइल आले. प्रत्येकाच्या खिशात विजेरी आली. तरुण वाटाडे बुनथानला चिडवू लागले, "काका, अजून आरसा? भांग पाडायला का?" काका हसायचे आणि मला पिशवीत ठेवायचे. हळूहळू मी पिशवीच्या तळाशी गेलो. चौकड्याच्या गमछ्यात गुंडाळलेला, पाण्याच्या बाटलीखाली. दोन वर्षे मी सूर्य पाहिला नाही. रडत होतो असे म्हणणार नाही, पण पारा उडायला लागला तो तेव्हाच.

अशात एक सहल आली. परदेशात राहणारी, पण मूळची इथलीच दहा-बारा ख्मेर माणसे, दोन दिवसांत सगळी देवळे पाहायची. त्यांच्यात थावी नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या आणि त्यांची तरुण मुलगी मोनिका. बाकीचे बायोन देवळाच्या दगडी हसऱ्या चेहऱ्यांकडे मान वर करून बघत होते, तर थावीबाई सगळीकडे फक्त जमीन बघत चालायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बुनथानला राहवले नाही.

"बोंग," तो म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला असेच म्हणतात. "देव सगळे वर आहेत हो. खाली नुसत्या फरश्या आहेत."

"मला फरशीच बघायचीय," थावीबाई म्हणाल्या. मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. लढाईच्या काळात गाव सोडून त्या एका देवळात राहिल्या होत्या. वय सहा. अकरा वर्षांचा भाऊ रोएन सोबत होता. खेळायला काही नाही म्हणून त्याने खिळ्याने फरशीवर रेकचा, म्हणजे आमच्याकडच्या सोंगट्यांच्या खेळाचा, पट कोरला आणि दोघे खडे मांडून खेळत. पुढे सैनिकांनी लोकांना बळजबरीने शेतांवर राबायला नेले, तेव्हा रोएन गेला तो परत आलाच नाही. त्याचा एक फोटो नाही, एक सदरा नाही. कोणते देऊळ तेही आठवत नाही.

"आईने हे इतक्यांदा सांगितलंय," मोनिका म्हणाली, "की आता मला वाटतं, तिला स्वप्नच पडलं असावं."

"तुला तर मामा होता हेसुद्धा खरं वाटत नाही," थावीबाई म्हणाल्या. आणि लगेच पुढच्या सकाळी त्यांचे परतीचे विमान होते.

बुनथानने विचारले, "आणखी काही आठवतं? दारातून काय दिसायचं?"

"पाणी. संध्याकाळी पाण्यामागे सूर्य बुडायचा."

पश्चिमेला तळे असलेले एक लहान देऊळ बुनथानला ठाऊक होते. ते सहलीच्या यादीत नव्हते. यादीत होता टेकडीवरचा सूर्यास्त, ज्यासाठी सगळे सकाळपासून नटून बसले होते. बुनथानने हात जोडून सगळ्यांची माफी मागितली आणि बस वळवायला लावली. मागे बसलेल्या एका आजोबांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांच्याच बायकोने त्यांना गप्प केले. "सूर्य उद्याही बुडेल. बसा मुकाट्याने."

देवळात पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. सगळ्यांनी मोबाइलच्या विजेऱ्या फरशीवर धरल्या. पांढरा झगझगीत उजेड आणि सपाट दगड, बाकी काही नाही. थावीबाई गुडघ्यांवर बसून हाताने चाचपत होत्या. हळूहळू त्यांचा हात थांबला.

"नाहीये. पोरगी म्हणते तेच खरं असेल."

तेव्हा बुनथानने पिशवीत हात घातला. मित्रांनो, दोन वर्षांनी माझ्यावर ऊन पडले, तेही मावळतीचे, शेवटचे. बुनथान इस्त्रीच्या सदऱ्यासकट उंबऱ्याशी पोटावर पालथा पडला, मला जमिनीला टेकवले आणि कवडसा बाजूच्या अंधाऱ्या फरशांवरून सपाट सोडला. एक फरशी, दुसरी, तिसरी. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तळ्यापलीकडच्या झाडांना सूर्य टेकला होता. मी जीव एकवटून तळपलो.

पाचव्या फरशीवर रेघा उठल्या. केसाएवढ्या बारीक, वाकड्या, पण रेघाच. आडव्या आणि उभ्या.

"मोज," थावीबाई मुलीला म्हणाल्या. "रेकच्या पटाला दोन्हीकडे आठ घरं लागतात. त्याने एकीकडे सातच काढली होती. मी भांडले, तर म्हणाला, दगडच संपला, मी काय करू!"

मोनिकाने बोट हवेत धरून घरे मोजली. उभी आठ, आडवी सात. तिने पुन्हा मोजली. मग ती आईशेजारी फरशीवर बसली.

"कसा होता गं मामा दिसायला?" तिने विचारले. आयुष्यात पहिल्यांदा विचारले असावे.

थावीबाईंनी हात पुढे केला आणि बुनथानकडून मला मागून घेतले. बाहेरून थोडासा तांबूस उजेड अजून येत होता. त्यांनी मला तोंडासमोर धरले, कपाळावरचे केस मुलासारखे मागे सारले आणि मुलीला जवळ ओढले.

"माझी आई म्हणायची, दोघांची तोंडं एकाच साच्यातली. बघ. हा तुझा मामा."

मोनिका माझ्यात बघत राहिली. आईचे डोळे वाहत होते, तरी आईने माझ्यासमोरचा तो चेहरा जराही हलू दिला नाही. मित्रांनो, न्हाव्याच्या भिंतीवर हजारो तोंडे मी पाहिली. पण जो माणूस समोर नव्हता, तो मला त्या संध्याकाळी दाखवता आला. फुटलेल्या काचेने आणखी काय मागावे?

आता बुनथानचे गुडघे दुखतात आणि मी त्याच्या घरी खिडकीत उन्हाला बसलेला असतो. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. जुन्या देवळांत गेलात, तर दगडावर काही कोरू नका. रोएनपाशी घर नव्हते, पाटी नव्हती, उद्याचा दिवसही नव्हता. तुमच्यापाशी हे सगळे आहे, आणि ज्यांची आठवण राहावी असे वाटते, त्यांच्याविषयी विचारायला घरात माणसेही आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारा.