रेडा, विमान आणि डबी

कवळ्याचा रेडा बाद झाला तो एका पाठीमुळे. पाठ त्याच्या मेहुण्याची होती.

रेडा म्हणजे गिटारचा अँप. काळा, चौकोनी, आत काचेच्या नळ्या तापत ठेवणारा आणि सुरू केला की खिडक्यांची तावदानं थरथरवणारा. तो दोघांनी उचलायचा आणि तिसऱ्याने बाजूला उभं राहून "सांभाळून, सांभाळून" ओरडायचं, अशी बँडची पद्धत होती. एकदा तिसरा ओरडायला विसरला आणि मेहुण्याची पाठ धरली. बँडचा ड्रमवाला तोच. त्यानंतर ड्रमच्या स्टुलावर बसताना तो असा कण्हायचा की गाणं सुरू होण्याआधीच लोकांना वाईट वाटावं. त्यात पुढचा कार्यक्रम ज्या सभागृहात होता, तिथल्या व्यवस्थापकाने कळवून टाकलं: स्टेजवर अँप चालणार नाहीत, गिटार थेट साउंडवाल्याच्या टेबलाला जोडायची.

"भावोजी, रेडा आता घरी," मेहुणा म्हणाला. "ते डिजिटल मशीन मिळतं ना, ते बघा एखादं. आणि रविवारच्या तालमीत तुमची गिटार नीट ऐकू आली नाही, तर मधला सोलो कीबोर्डवर घेऊ. हा वाजवेल."

'हा' म्हणजे कीबोर्डवाला. त्याने नुसतं एक बटण दाबलं आणि कीबोर्डातून गिटारचा आवाज काढून दाखवला. असल्या माणसांचा राग येतो तो यासाठीच. बोलणाऱ्याशी निदान भांडता येतं.

कवळ्या दिवसभर एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या धुळीत बसून लोकांचे खोटे दात घडवायचा. म्हणून तर कवळ्या. त्याने बनवलेल्या दातांनी शेकडो माणसं हसत होती, पण याचं नाव त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. सगळ्या आयुष्यात लोक फक्त त्याच्याकडे बघतात अशी एकच जागा होती, आणि ती म्हणजे शेवटच्या गाण्यातला मधला सोलो. तोही गेला तर मग स्टेजवर उभं राहायचं कशाला? खांब म्हणून?

वाद्यांच्या दुकानदाराने त्याला दोन मशिनं घरी नेऊन बघायला दिली. दोन्हींचं काम एकच. मोठमोठ्या नामांकित अँपांचे आवाज आत भरलेले, हवा तो निवडा, गिटार जोडा, झालं. एक मशीन लांबलचक, पायाने दाबायच्या बटणांची रांग, वर स्क्रीन, मागे भोकंच भोकं. कवळ्याने त्याचं नाव ठेवलं विमान. दुसरं तळहाताएवढं, चार्ज करून कुठेही नेता येणारं, हेडफोन लावून पलंगावर लोळत वाजवायचं. ती डबी.

आता साध्या माणसाने काय केलं असतं? विमान स्टेजला, डबी घराला, विषय संपला. पण गिटारवाले साधे नसतात. दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दोन्हींच्या आतला आवाज जवळजवळ सारखाच आहे, फरक आहे तो जोडण्या-दाबण्याच्या सोयीचा. पण 'जवळजवळ' हा शब्द गिटारवाल्याच्या कानात शिरला की मुक्कामच ठोकतो. कवळ्या व्हिडिओ बघायला बसला. एक दाढीवाला सांगत होता की विमानासारखं दुसरं काही जन्माला आलेलं नाही. दुसरा दाढीवाला सांगत होता की विमान निव्वळ कचरा आहे. दोघंही आपापल्या खोलीत, आपापल्या खुर्चीत, एकटे. शेजारी ना ड्रम, ना गाणारं माणूस. या लोकांनी शेवटचं कोणाबरोबर कधी वाजवलं होतं, हे विचारायचं धाडस कोणी करत नाही. मी विचारतो. कधी?

कवळ्यानेही तेच केलं. कानांवर हेडफोन, कारण भिंतीपलीकडे बायकोचं काम चालायचं. एका कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीसाठी ती घरूनच लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायची. आठवडाभर तो विमानाच्या पोटात शिरून बसला. बेस वाढवला. मग वाटलं अजून थोडा हवा. मग घुमारा घातला, आवाज जणू मोठ्या रिकाम्या गुहेतून येतोय असा. मग त्या घुमाऱ्यावर अजून एक घुमारा. शेवटी जो आवाज तयार झाला त्याला त्याने नाव दिलं 'समुद्र'. एकच तार छेडली की असं वाटायचं, आपण उंच कड्यावर उभे आहोत आणि खाली लाटा फुटताहेत. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग तोच समुद्र त्याने डबीतही तयार केला आणि बायकोला हाक मारली.

"डोळे मीट. हेडफोन लाव. आधी एक वाजवतो, मग दुसरं. कुठलं चांगलं, सांग."

तिने ऐकलं.

"दोन्हीही सारखेच वाटताहेत."

"नीट ऐक गं! पहिल्यात खोली आहे."

"खोली आहे म्हणजे? विहीर आहे का?"

"तुला नाही कळायचं."

"मला नसेल कळायचं तर विचारलंस कशाला? तिकडे एका बाईच्या मशीनमधून फेस घरभर झालाय. ती रडतेय फोनवर. मी जाते." दारात थांबून ती म्हणाली, "आणि काय रे, तुम्ही दवाखान्यात लोकांना दात तोंडात बसवून, चावून बघायला लावता ना? की टेबलावर ठेवून छान दिसले की देऊन टाकता?"

हे बोलणं कवळ्याने कानाआड केलं. बायकोचं शहाणपण ऐकू न येण्यासाठी हेडफोनचीही गरज लागत नाही.

रविवारी सकाळी तालीम होती मेहुण्याच्या टायरच्या गोदामात. चारी बाजूंना छतापर्यंत टायर रचलेले, मधल्या मोकळ्या जागेत बँड. रबराच्या वासाची सगळ्यांना सवय झालेली. बायकोनेच गाडी चालवून त्याला आणि विमानाला तिथे आणलं आणि "दहा मिनिटं थांबते" म्हणून दाराजवळच्या एका टायरवर बसली. कवळ्याने विमान मोठ्या स्पीकरला जोडलं. डबी खिशात होतीच, न जाणो लागली तर.

बँडमध्ये गाणारी होती कोचबाई. पोहायला शिकवायची. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला शिवी द्यायची सवय असल्यामुळे तिच्या आवाजाला माईक लागतो की नाही, हा वादाचा मुद्दा होता.

गाणं सुरू झालं. दोन कडवी झाली. मेहुण्याने ड्रमवर जोरदार दणका दिला, सोलोची जागा आली. कवळ्याने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि समुद्र सोडला. बोटं तारांवरून अशी सरकत होती की काय सांगावं. कडा होता, लाटा होत्या, वारा होता.

"अरे कवळ्या," कोचबाई ओरडली, "सुरू कर ना! कशाची वाट बघतोयस?"

त्याने डोळे उघडले. सोलो अर्धा संपला होता.

मेहुण्याने काठ्या थांबवल्या. "भावोजी, वायर निघालीय का?"

"वायर नाही निघालेली! मी वाजवतोय!"

"कुठे?"

हा 'कुठे' तोंडात मारल्यासारखा होता. कवळ्याने आधी स्पीकरला दोष दिला. मग टायरांना, रबर आवाज पितं म्हणून. मग डबी काढून जोडून बघितली, तर तिचाही समुद्र तसाच बुडालेला. मग तो मेहुण्यावर घसरला. "तू ड्रम बडवतोस, वाजवत नाहीस! चाकाचे नट उघडतोस का ड्रम वाजवतोस?"

"भावोजी, माझ्यावर डाफरू नका. ताईला विचारा, ती लांब बसलीय."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. बायको म्हणाली, "मला ड्रम ऐकू येतोय. बाई ऐकू येतेय. याचे नुसते हात हलताना दिसताहेत. काच पुसल्यासारखे."

कीबोर्डवाल्याने हळूच ते बटण दाबलं. कवळ्याने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला जे म्हणावंसं वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

"ऊठ," कवळ्या बायकोला म्हणाला. "तिथेच दारात उभी राहा. आम्ही वाजवतो. तू ओरडून सांग काय करायचं ते."

"मला कुठे कळतं?"

"चुकलो म्हटलं ना!"

"नाही म्हटलंस."

"आता म्हणतोय."

मग पुढचा सगळा वेळ जे चाललं ते बघण्यासारखं होतं. ती दारातून हातवारे करायची आणि हा वाकून विमानाची बटणं फिरवायचा. घुमारा काढ. पुरता काढ. तो खालचा धुमधुम आवाज आहे ना, तो ड्रममध्ये मिसळतोय, तो घालव. मधला वाढव. नाही, अजून! प्रत्येक फेरीत समुद्र आटत गेला. आधी लाटा गेल्या, मग कडा गेला, मग वारा गेला. शेवटी जवळून ऐकताना कवळ्याला उरला तो पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या माशीसारखा काहीतरी चिरका, कोरडा, नाकातून बोलणारा आवाज.

"हे घाण आहे!" तो कळवळला.

"मला इथे झकास ऐकू येतंय!" बायको ओरडली. "अगदी प्रत्येक सूर!"

हीच तर बदमाशी आहे या धंद्यातली. एकट्याला गोड वाटणारा आवाज चौघांत मरतो, आणि चौघांत जगणारा आवाज एकट्याला सहन होत नाही. हे कुठल्याच दाढीवाल्याने सांगितलं नव्हतं. कवळ्यापुढे दोनच वाटा होत्या: आवडणारा आवाज ठेवायचा आणि सोलो द्यायचा, किंवा उलट. त्याने दात-ओठ खाऊन माशी ठेवली.

"चला, पहिल्यापासून."

सोलो आला. या वेळी तो गोदामाच्या टोकापर्यंत गेला, टायरांवर आपटून परत आला. मेहुण्याच्या भुवया वर चढल्या. कीबोर्डवाल्याने बटणावरचं बोट काढून घेतलं. कवळ्या शेवटच्या लांब सुरावर पोचला, तो सूर ताणून धरला, आणि त्याच सुरावरून कोचबाईने शेवटचं कडवं उचलायचं असतं, तसं तिने उचललं. आणि थांबली.

"परत वाजव," ती म्हणाली. "तो शेवटचा."

त्याने वाजवला.

"नेहमी हाच वाजवतोस?"

"नेहमी हाच."

तिचा चेहरा लाल झाला. "हा सूर चूक आहे, कवळ्या. थोडासा वर आहे. मी एवढी वर्षं तिथे येऊन अडखळते. घरी जाऊन आरशापुढे रडलेय मी, माझा गळा गेला म्हणून. तुझ्या त्या रेड्याच्या डरकाळीत कळतच नव्हतं कोण चुकतंय!"

मेहुणा कानकोंडा होऊन काठीने गुडघा खाजवू लागला. कवळ्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि निदान विमान तरी पोटात घ्यावं. त्याने हा सोलो एकट्याने, कानाने, आवाजाच्या धुरळ्यात बसवला होता. चूक पहिल्या दिवसापासून होती. ती चांगली जोपासली गेली होती, इतकंच.

"दे मग सूर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बरोबर कुठला, गाऊन दाखव."

तिने गायला. तो तारेवर शोधत गेला. बोट एकच फ्रेट, एकच घर मागे सरकलं. बस, तेवढंच. एवढ्यासाठी एका बाईने आरशापुढे डोळे पुसले होते.

मेहुण्याने काठ्यांनी चार टोले मोजले आणि पुन्हा सुरू झालं. माशी चिरकत, खरवडत शेवटापर्यंत पोचली आणि योग्य घरात जाऊन बसली. आणि कोचबाईने श्वास घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाय ठेवायला घट्ट जमीन मिळाल्यासारखी ती त्या सुरावरून उठली, आणि असा काही आवाज लावला की वरच्या रांगेतला एक टायर घसरून खाली आला. माईक चिरकला. ड्रम दबला. गिटार तर कुठे गेली कोणाला ठाऊक.

"भावोजी, सोलो तुमचाच!" मेहुणा वाजवता वाजवता ओरडला.

"आता परत तू ऐकू येत नाहीयेस!" दारातून बायको ओरडली.

विमानाच्या उजव्या टोकाला आवाज वाढवायचं पेडल होतं. कवळ्याने पाय त्याच्यावर ठेवला. कोचबाई मान मागे टाकून गात होती, डोळे मिटून. त्याने पाय काढून घेतला आणि तिच्यामागे हळू, कोरडे, साधे सूर वाजवत राहिला.