आमच्याकडे असंच

मी गणिताची बाई. देवाधर्माचा तास माझ्या गळ्यात कुणी मारला, तर मुख्याध्यापकांनी. आणि का, तर टाइमटेबलात माझा एक तास मोकळा दिसला म्हणून. मोकळा तास दिसला की या लोकांच्या पोटात दुखतं. मी चांगली तावातावाने भांडले. म्हटलं, "सर, मला एक आरती धड शेवटपर्यंत येत नाही." तर म्हणतात कसे, "मग तर उत्तमच, दुर्गाबेन!"

नववीचा हा धर्मपरिचयाचा तास विश्वंभर सरांचा. ते रिटायर झाले. त्याच वर्षी शाळेत कॉम्प्युटर आले होते आणि सगळ्यांचं लक्ष त्या एसीच्या खोलीत. हा तास कुणालाच नको होता. मी सरांच्या घरी फतेगंजला गेले आणि पुस्तक मागितलं. सर म्हणाले, पुस्तक नाहीच. पोरांनी आपल्या घरचं बोलायचं नाही. दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या रीतीच्या घरी जायचं, बघायचं, विचारायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. मग ज्याचं घर त्याने उभं राहून म्हणायचं, 'आमच्याकडे असंच.' तो तसं म्हणाला तरच मार्क, नाहीतर पुन्हा जायचं.

"आणि वर्गातलं वर्गात. बाहेर चर्चा नाही."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं जमलं तर कळवा," सर म्हणाले. एक नंबरचा खवचट माणूस! पण सोन्यासारखा.

आणि खरं सांगते, मला त्या तासाची गोडीच लागली. मेकवान नावाचा आमचा ख्रिस्ती पोरगा तस्नीमच्या घरी जाऊन आला. सांगू लागला, बोहऱ्यांकडे सगळे एका मोठ्या थाळाभोवती बसतात आणि आधी चिमूटभर मीठ चाखतात. तस्नीम उठून म्हणाली, "आमच्याकडे असंच. पण थाळात एक दाणा टाकून उठायचं नाही, ते राहिलं." 'ते राहिलं' म्हणताना त्या पोरीचा काय रुबाब! मी बाकड्यामागे उभी राहून गालातल्या गालात हसत होते.

पितृपक्षात मी नव्या चिठ्ठ्या काढल्या. हेतल शाहला प्रतापसिंह मोहितेचं घर आलं, विषय नवरात्रातली नवमी. मला वाटलं, झकास! जैनांची मुलगी आणि मराठ्यांचं घर. पोरगी पुरणपोळी खाऊन येईल. आमच्या घरी नवमीला पुरण असतं, म्हणून मराठी माणसाच्या घरी पुरणच असणार, असं मी आपलं गृहीत धरलं.

मधल्या सुट्टीत प्रताप स्टाफरूमच्या दारात हजर. वर्गात सगळ्यांसारखं 'टीचर' म्हणणारा, पण एकटा असला की 'बाई'.

"बाई, माझी चिठ्ठी बदला."

"का रे बाबा? मी काय लॉटरीचं दुकान मांडलंय?"

मान खाली. मी ओरडले, मग जरा मायेने विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, बाई. त्यांची तलवार आहे. नवमीला तिची पूजा होते. नैवेद्य मटणाचा असतो."

"मग? त्यात लाजायचं काय?"

"लाजत नाही, बाई. सुभानपुऱ्यात हेतल आमच्या डोक्यावरच राहते, पहिल्या मजल्यावर. तिचे पप्पा सोसायटीचे सेक्रेटरी. घर देतानाच त्यांनी बजावलंय, इथे अंडंसुद्धा चालणार नाही. कळलं तर घर खाली करावं लागेल. आजोबांना आता जिना चढवत नाही. तळमजला आणि तोही मोहित्यांना कोण देणार?"

"मग नवमीला करता काय तुम्ही?"

"खिडक्या लावतो. दाराशी धूप घालतो. कुकरची शिट्टी व्हायला आली की आई रेडिओ मोठा करते."

मला आधी हसू आलं. पोरगं मिसरूड फुटायच्या वयाचं, आणि स्वतःच्या देवाचा नैवेद्य चोरीच्या मालासारखा लपवतंय! मला भयंकर राग आला. कुणाचा, ते धड सांगता येईना. खरं सांग म्हणावं, तर पोराचं घर जातं. खोटं सांग म्हणावं, तर सरांच्या तासाचं वाटोळं. शेवटी मी हेतलला बोलावलं आणि म्हटलं, "तू मेकवानच्या घरी जा. नाताळचं विचार." तिने माझ्याकडे जरा टक लावून पाहिलं आणि "सारुं, बेन" म्हणून गेली. मला वाटलं, मिटलं.

नवरात्र बसायच्या आधीचा तास. प्रताप चार दिवस एनसीसीच्या कॅम्पला होता, तिथूनच खाकी कपड्यांत थेट शाळेत आला होता. हेतलची पाळी आली. उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मी प्रतापच्या घरची नवमी सांगणार."

मी फळ्याकडून गर्रकन वळले. "हेतल! तुला मेकवान दिलाय ना?"

"बेन, चिठ्ठीत तर प्रतापच निघाला होता."

"खाली बैस."

"बेन, मी विचारून आलेय. काल बा, म्हणजे माझी आजी, आणि मी दोघी गेलो होतो. त्याच्या मम्मीने सांगितलं, वर्गात बोल म्हणून."

मी प्रतापकडे पाहिलं. कॅम्पवरून आलेल्या त्या पोराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. तिला थांबवावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याची आईच हो म्हणाली होती. मी म्हटलं, "बोल."

हेतल तिच्या त्या गुजराती-हिंदी-इंग्लिशच्या खिचडीत सांगत गेली, मी आपली मराठीत सांगतेय. नवमीला सकाळी आजोबा स्वतः ट्रंकेतून तलवार काढतात. पुसतात, पाटावर ठेवतात, हळदकुंकू, झेंडूचा हार. आजोबांचे हात थरथरतात, पण म्यानातून काढताना कुणाला हात लावू देत नाहीत. मग तिच्यासमोर नैवेद्य. "तो नैवेद्य मटणाचा असतो," हेतल म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी नुसतं पाहिलं. हसू जागच्या जागी विरलं.

"आम्ही ते खात नाही," हेतल म्हणाली. "बाचं तर त्याच दिवसांत आयंबिल असतं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही उकडलेलं, तेल नाही, मसाला नाही. आणि खालून वास येतो. दर वर्षी येतो. ते राहायला आले तेव्हापासून बाला माहीत आहे."

प्रतापने मान वर केली.

"मी काल बाला म्हटलं, बा, मग तू कुणाला बोलली का नाहीस? बा म्हणाली, ते त्यांच्या देवाचं करतात, मी माझ्या देवाचं करते. आणि वासाचं काय! बारी आपणी छे, तो बंध पण आपणे करवानी. खिडकी आपली, तर लावायचीही आपणच. दर नवमीला बा स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते आणि माळ घेऊन बसते."

"आणि तुझे पप्पा?" मी न राहवून विचारलं. ते कोण आहेत हे वर्गाला माहीत नव्हतं, पण मला होतं ना!

हेतल हसायलाच लागली. "बेन, पप्पा दर नवमीला सकाळी फोईकडे करजणला जातात! मला वाटायचं, आत्याकडे काही पूजा असेल. काल बाने गुपित फोडलं. पप्पा सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरीला वास आला तर सेक्रेटरीला मटणबंदीचा नियम काढावा लागेल. करजणपर्यंत वास जात नाही."

अख्खा वर्ग हसला. मी तर इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आणि खोटं कशाला बोलू, ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. त्या शाहांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! आणि तो बिचारा भला माणूस सणासुदीला स्कूटर काढून बहिणीच्या दारात जाऊन बसत होता.

"प्रताप," मी म्हटलं. नियम म्हणजे नियम. ज्याचं घर त्याने उठायचं.

तो उठला. आधी खाकी शर्ट खाली ओढून सारखा केला, पट्टा नीट केला. इतर वेळी मी 'लवकर बोल, तास संपतोय' म्हणून खेकसले असते. त्या दिवशी थांबले.

"आमच्याकडे असंच," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या, हेतल बसली, मी मार्क द्यायला पेन उचललं. प्रताप उभाच होता.

"टीचर, एक राहिलं."

"काय राहिलं?"

"हेतलने त्यांच्या खिडकीचं सांगितलं. आमचीपण बंद असते. ती दर वर्षी मीच लावतो." मग तो माझ्याकडून वळला, हेतलकडे पाहिलं आणि एवढ्या वर्गासमोर स्वच्छ मराठीत म्हणाला, "आजवर भीतीने लावत होतो. या नवमीला बासाठी लावीन."