हवालदाराची पाळी

पूर्ण वाढलेला कुत्रा घरी आणणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याची आज्ञाधारकता कोऱ्या पाटीसारखी आपल्या हाती येत नाही. कोणीतरी तिच्यावर आधीच काही लिहून ठेवलेले असते. लिहिणारा निघून जातो आणि आज्ञा मात्र तशीच जिवंत राहते. ती कोणती, हे न विचारता तिच्यावर दुसरी आज्ञा लादणे हा अविचार आहे, आणि नकळत पहिलीच दृढ करणे हा त्याहून मोठा. शिंपीमास्तरांच्या हातून दोन्ही घडले. त्यांचे मन निर्मळ होते, परंतु कर्माचे फळ मनाची साक्ष काढत बसत नाही.

मास्तरांचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर होते. पुढच्या खोलीत कापण्याचे मेज, शिलाईयंत्र, इस्त्री आणि खुंटीवर टांगलेले अर्धेमुर्धे कोट असत. मागे दोन खोल्या होत्या. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दार एकच. पत्नीला जाऊन नऊ वर्षे झाली होती. जावई जहाजावर, म्हणून लेक बाळंतपणासाठी वडिलांकडे राहायला आलेली.

मास्तरांचे थोरले बंधू एका बंद पडलेल्या गोदामाचे पहारेकरी होते. पक्षाघाताने त्यांची वाचा आणि उजवे अंग गेले, आणि त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. त्यांच्यामागे उरला तो सहा वर्षांचा, काळ्या पाठीचा, वासराएवढा कुत्रा. थोरले त्याला हवालदार म्हणत. मास्तरांनी भावाचा हात हातात घेऊन सांगितले, "दादा, त्याची काळजी करू नकोस. मी आहे." भावाच्या डोळ्यांतून पाणी आले. शब्द दिला गेला होता.

घरात पाऊल टाकताच हवालदार दाराच्या आत, चौकटीला पाठ लावून बसला. मास्तरांना गहिवरून आले. "बघितलंस? आल्या आल्या घर राखायला लागला," ते लेकीला म्हणाले. दाराशी बसला की बिस्कीट, असा त्यांनी आठवडाभर परिपाठच ठेवला.

आठव्या दिवशी एक कारकून विजारीची उंची कमी करून घ्यायला आला. हवालदाराने त्याला हुंगले आणि आत येऊ दिले. काम झाल्यावर कारकून निघाला, तेव्हा कुत्रा उठून दारात आडवा उभा राहिला. तो भुंकला नाही. वरचा ओठ तेवढा उचलला गेला.

"मास्तर, याला जरा बाजूला घ्या हो."

मास्तरांनी हाक मारली, पट्टा दाखवला, शेवटी ओढलेही. कारकुनाने एक पाऊल पुढे टाकताच त्याची बाही कुत्र्याच्या दातांत होती. कापड फाटले नाही आणि सुटलेही नाही. दुपारी बाराला आलेला माणूस संध्याकाळच्या फेरीपर्यंत खुर्चीवर बसून राहिला. दिवस उगवताना आणि मावळताना अशा दोनच वेळी हवालदार आपण होऊन उठे, मास्तरांबरोबर खाली फेरी मारी आणि परतून पुन्हा जागेवर बसे. गोदामातली शिस्तच ती. चोराला आत येऊ द्यायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाही.

"विजारीपायी रजा गेली माझी," कारकून जिना उतरताना म्हणाला. "पुढच्या वेळी डबा आणि अंथरूण घेऊनच येतो."

हसण्यावारी नेण्याचे दिवस थोडेच टिकले. गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. घरची बाहेरची कामे त्या दोन फेऱ्यांच्या वेळात उरकू लागली. बांधून ठेवले तेव्हा हवालदाराने मानेचे कातडे सोलले जाईपर्यंत ओढ घेतली. आत कोंडले तर पंजाने दार हलवून हलवून, कडी पाडून तो परत आला. लेकीचे दिवस भरत आले होते.

"बाबा, फेरीच्या वेळेत कळा सुरू झाल्या तर ठीक," ती एकदा म्हणाली. "नाहीतर डॉक्टरांनाच इथे बोलवावं लागेल. आणि मग त्यांनाही जाता येणार नाही." बोलताना ती हसत होती, पण दोन्ही हात पोटावर होते.

मास्तरांनी कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंना बोलावले. बाई बुटक्या, आवाजाने धारदार, कमरेला उकडलेल्या मांसाच्या तुकड्यांची पिशवी लावलेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "म्हणजे आले की संध्याकाळपर्यंत माझा मुक्काम, असंच ना? चहा तरी चांगला करा."

दहा दहा मिनिटांचे धडे सुरू झाले. बस, थांब, ये. मोठा कुत्रा शिकत नाही ही समजूत बाईंनी दोन दिवसांत खोटी पाडली. मेजाखाली, खिडकीशी, आतल्या खोलीत, कुठेही हवालदार पहिल्या शब्दाला बसे. "ये" म्हटले की येई, तुकडा घेई आणि परत दारात जाई. तिथे मात्र त्याला कोणताच शब्द ऐकू येत नसे.

पाचव्या दिवशी बाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"मास्तर, हा झोपतो कधी?"

मास्तरांनी लेकीकडे पाहिले, लेकीने त्यांच्याकडे. दोघांपैकी कोणीही त्याला डोळे मिटलेले पाहिले नव्हते.

"दाराशी बिस्किटं कोणी दिली?"

"मीच दिली."

"छान केलंत. त्याला वाटलं, हेच काम पुढे चालवायचंय. बांधलंत तरी त्याची जबाबदारी सुटत नाही हो, नुसता जीव तुटतो." त्यांचा आवाज खाली आला. "भावाला विचारा. याची सुट्टी कशी व्हायची तिथे? काहीतरी खूण असणारच. बाळंतपणाला तीन आठवडे आहेत ना? तोवर हलला नाही, तर मी याला इथे ठेवू देणार नाही. आणि असल्या कुत्र्याला दुसरं कोण घेतं, ते मला विचारू नका."

मास्तर दुसऱ्याच दिवशी, सकाळच्या फेरीहून हवालदाराला आत सोडून, परस्पर शुश्रूषागृहात गेले. थोरले भिंतीला टेकून बसले होते. मास्तरांनी सारे सांगितले. "दादा, त्याला दारातून उठवायला तू काय म्हणायचास?"

थोरल्यांच्या तोंडून घोगरा स्वर निघाला, पण त्याचा शब्द झाला नाही. डाव्या हाताने ते आपल्या शेजारची गादी थोपटू लागले. थोपटत आणि धाकट्याकडे पाहत. भावाला सोबत हवी आहे, असे समजून मास्तर तिथे बसले आणि त्यांनी त्याचा हात धरला. थोरल्यांनी हात सोडवून घेतला, पुन्हा गादी थोपटली, मग मान फिरवून डोळे मिटले. मास्तर अर्धा तास बसले आणि रिकाम्या हाताने परत आले.

तीन आठवडे मिळाले नाहीत. चौथ्या दिवशी भर दुपारी, मास्तर कापडावर खडूने रेघ ओढत असताना, आतून लेकीची हाक आली. तिच्या पायांखालची फरशी ओली झाली होती. समोरच्या दारच्या काकू हाकेसरशी धावत आल्या. हवालदाराने त्यांना हुंगले आणि आत येऊ दिले.

"गाडी बोलावलीय, खाली येईलच," काकू म्हणाल्या. "चल पोरी, माझ्या खांद्यावर हात टाक. मास्तर, कुत्र्याला घ्या तेवढं!"

हवालदार उठला होता. दारात आडवा.

मास्तर म्हणाले "ये", म्हणाले "बस". मांसाचा तुकडा त्याच्या पायांशी पडून राहिला, पट्ट्याकडे त्याने पाहिलेही नाही. काकू लेकीला घेऊन दोन पावले पुढे आल्या, तसा त्याच्या छातीतून एक खोल, संथ आवाज निघू लागला. लेकीला कळ आली आणि ती ओरडली. त्या ओरडण्याने त्याचे कान मागे गेले आणि दात पूर्ण उघडे पडले. खाली गाडीचा भोंगा वाजला.

"मास्तर, काहीतरी करा हो! ही इथेच व्हायची बाळंत!"

"बाबा," लेक कशीबशी म्हणाली, "रक्त येतंय."

मास्तरांचा हात मेजावरच्या मोठ्या कात्रीवर गेला. चाळीस वर्षे कोट बेतणारी, वीतभर लांब पात्यांची ती कात्री. कुत्र्याच्या गळ्यावर जुन्या ओढीची सोललेली जागा दिसत होती, आणि मास्तरांच्या सरावलेल्या डोळ्याने तिचे माप घेतले. ते एक पाऊल पुढे झाले. हवालदाराने कात्रीकडे पाहिले नाही. तो मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होता. त्याचे डोळे लाल आणि ओले होते आणि मागचे पाय थरथरत होते. ते क्रौर्य नव्हते. ज्याची पाळी सोडवायला कोणी आलेच नाही, अशा जागलेल्या शिपायाचे ते डोळे होते.

आणि मास्तरांना भावाचा डावा हात आठवला. गादी थोपटणारा. मी आलो, आता या जागी मी बसतो, तू ऊठ, असे सांगणारा.

त्यांनी कात्री ठेवली. कापड मोजायचा लाकडी गज पहारेकऱ्याच्या काठीसारखा उचलला. कुत्र्याच्या शेजारी, चौकटीला पाठ लावून ते फरशीवर बसले, गज मांडीवर आडवा घेतला, आणि शेजारची फरशी तीनदा थोपटली.

घुरघुर थांबली. हवालदाराने त्यांचा खांदा हुंगला, गज हुंगला, पुन्हा तोंड हुंगले. मग त्याने एक लांब, माणसासारखा उसासा सोडला, मेजाखाली गेला आणि कोसळल्यासारखा आडवा झाला.

"जा," मास्तर हळूच म्हणाले. "माझ्यासाठी थांबू नका. मला उठता येणार नाही."

लेकीने जाता जाता त्यांच्या डोक्यावर हात टेकला. आधारासाठी असेल, किंवा नसेलही. दोघींची पावले जिन्यावरून उतरत गेली आणि गाडीचा आवाज दूर गेला.

एकदा मास्तरांनी पाय सरळ करून उठायचा प्रयत्न केला. मेजाखाली एक डोळा उघडला. ते पुन्हा बसले. मेजावर फोन वाजला, बराच वेळ वाजला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. हात पोहोचत नव्हता. त्या घंटेत काय होते, रक्त थांबले की नाही, हे जाणून घेण्याचा अधिकार या क्षणी आपल्याला नाही, हे त्यांनी ओठ घट्ट मिटून मान्य केले. भिंतीवरचे ऊन कोटांच्या बाह्यांवरून सरकत छताशी गेले. फेरीची वेळ आली आणि टळली. मेजाखाली हवालदार घोरत होता.

दिवस मावळल्यावर जिन्यात चपला वाजल्या.

"मास्तर!" काकू दाराबाहेरूनच ओरडल्या. "फोन का उचलत नाही हो? मुलगी झाली! रक्त बरंच गेलं, पण डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. दोघी झोपल्यात. मी काही आत येत नाही बाई!"

"नका येऊ," मास्तर म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसायलाही त्यांनी गज सोडला नाही. "फक्त उद्या सकाळी त्या कुत्रा शिकवणाऱ्या बाईंना बोलवा. पहिला धडा आता त्यांनी मला द्यायचाय म्हणावं."

ज्याने इतके दिवस डोळा मिटला नाही, त्या मुक्या जीवाला ही झोप लाभो. ज्याचा शब्द ओठांवर येत नाही, त्या थोरल्याला आपली खूण पोहोचल्याचे कळो. नव्याने आलेल्या त्या इवल्या जीवाला प्रत्येक दार उघडे मिळो. आणि जो चौकटीला पाठ लावून बसला आहे, त्याची पाळी सोडवायला कोणीतरी वेळेवर येवो.