बावीस पायऱ्या

कस्तुराबाईंचा बाप्तिस्मा रावेतला पवना नदीच्या घाटावर झाला होता, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा पाण्यात पायाची बोटं दिसायची. नात वर्षालीचाही तिथेच व्हावा, एवढी एकच त्यांची इच्छा.

पाळक रविराज मात्र म्हणाले, "मावशी, आताच्या त्या घाण पाण्यात पोरीला बुडवू? चर्चच्या अंगणात प्लास्टिकची टाकी आणू. ईस्टरला उरकून टाकू."

'उरकून' मावशींना लागलं. पण उलट बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला तसा त्यांनी नेम धरला. रोज सकाळची प्रार्थना झाली की घाटाची एक पायरी झाडायची. पायऱ्या बावीस. संपल्या की पुन्हा पहिलीपासून.

धुणं धुणारी गिरजाबाई हसली. "काय वं बाई, म्युन्शिपाल्टीनं लावलंय व्हय कामाला?"

"उपासाचा नेम आहे."

"तुमच्यात साबुदाणा न्हाई का?"

"यंदा हाच साबुदाणा."

गिरजाबाईनं पदर खोचला. "मंग खालची पायरी माजी. माज्या सासूनं घासलेली हाय ती."

तिसऱ्या आठवड्यात चर्चमधल्या बायका आल्या, मग त्यांचे नवरे. घाट उजळला. पाळकांनी जाहीर केलं, ईस्टरची पहाटेची उपासना घाटावरच! बाप्तिस्मा नदीत की टाकीत, ते पाणी बघून ठरवू, म्हणाले.

त्या दिवशी सूर्य वर आला, गाणी झाली, पोहे वाटले. थर्माकोलच्या ताटल्यांत. अन् वारा सुटला. बघता बघता पन्नास-साठ ताटल्या नदीत.

मावशींनी फक्त पिशवी उचलली.

पाळकांनी चपला काढल्या, पांढऱ्या झग्यानिशी गुडघाभर पाण्यात उतरले. मागोमाग सगळे. वर्षाली कंबरेपर्यंत भिजली, ताटल्यांचा भारा घेऊन वर आली. नाक मुरडलेलं.

"आजी, आज नको. टाकीतही नको. हे पाणी नीट झालं की इथेच घेईन."

मावशींनी क्षणभर डोळे मिटले. आपण तोवर असू का? मग डोळे उघडून नातीच्या कपाळावरची शेवाळाची काडी काढली. "बरं. थांबू."

"टाकी परत पाठवतो," पाळक झगा पिळत म्हणाले. "दर शनिवारी घाट. नावं लिहून घ्या, पहिलं माझं."

"नावं कशाला पाळकसाहेब, ज्यानं त्यानं आपली पायरी धरावी," मावशी म्हणाल्या.

धरल्या. चर्चची घरं एकतीस, पायऱ्या बावीस. पायरी न मिळालेली मंडळी हिरमुसली.

गिरजाबाईनं घाटापलीकडे काठावरच्या, कचरा अडकलेल्या झुडपांकडे बोट केलं. "अवं, वरल्या अंगाला नदी संपली व्हय?"